भाकरीचं यंत्र आणि मल्लिनाथशेठचा चहा

राजेश्वरीच्या नव्या यंत्रानं काढलेली पहिली भाकरी ताटात पडलीच नाही. निम्मी वरच्या तव्याला चिकटली, निम्मी खालच्या तव्याला, आणि आणखी एक निम्मी (गणितात बसत नाही, पण झालं तसंच) फुस्सकन उडून थेट तिच्या नवऱ्याच्या, अमरनाथच्या कपाळावर जाऊन बसली.

"अगं बाई! भाजलं का हो?" राजेश्वरी धावली.

"न्हाय. विभूती लागली," अमरनाथ कपाळ पुसत म्हणाला. त्याचं अणदूरच्या स्टँडजवळ विहिरीवरच्या मोटारी रिवायंडिंग करून द्यायचं दुकान. त्यानं यंत्र उलटं केलं, कान लावला, फिरवून बघितलं आणि डॉक्टरच्या थाटात निदान सांगितलं, "कॉइल चांगली हाय. अक्कल न्हाय."

"यंत्राला?"

"घेणाऱ्याला."

झालं! राजेश्वरी तवा खरवडायला लागली. दारातून बघणारी लेक शिवप्रिया मात्र भडकली. कारण आईनं हे यंत्र काही हौसेखातर आणलेलं नव्हतं. राजेश्वरीची कडक भाकरी म्हणजे अणदुरात एक नाव होतं. पापडासारखी पातळ, कुडकुडीत, महिनाभर डब्यात राहिली तरी हूं की चूं न करणारी. वर शेंगाचटणी आणि दही असलं की माणूस जेवायला बसतो तो उठायचं विसरतो. पुण्या-मुंबईला जाणारी पोरं पिशव्या भरभरून न्यायची. मागणी वाढली तशी भाकऱ्या थापून थापून तिची मनगटं बोलायला लागली. अशात भिशी लागली, आणि ती अख्खी भिशी या यंत्रात गेली.

आता बघा, हीच राजेश्वरी बाजारात ज्वारीचं पोतं घेताना दाणा दाताखाली फोडल्याशिवाय भावाची गोष्टच काढत नाही. दाणा फोडते, चावते, डोळे मिटते आणि मग व्यापाऱ्याला सांगते, "गेल्या वर्षीची हाय. काढा दुसरी." व्यापारी तिला येताना बघून चांगलं पोतं पुढं ओढतात. पण धाराशिवला मल्लिनाथशेठच्या 'समृद्धी गृहोपयोगी भांडारा'त तिनं बघितलं काय? गव्हाच्या कणकेची चपाती! शेठनं गोळा ठेवला, दांडा दाबला, आणि चपाती अशी टम्म फुगून आली की राजेश्वरीचे डोळेच दिपले.

"ज्वारीची हुईल नव्हं, अण्णा?" तिनं विचारलं होतं.

"ज्वारी? अक्का, ज्वारी, बाजरी, नाचणी! तुमी पीठ म्हणा, हे भाकरी म्हणतंय. खोक्यावर चित्रच हाय की!"

मल्लिनाथशेठ राजेश्वरीच्या आत्याच्या जावेच्या माहेरचा. म्हणजे नात्यातलाच. आणि नात्यातल्या माणसाच्या दुकानात पिठाची पुडी घेऊन जाऊन "आधी करून दाखव" म्हणायचं? लोक काय म्हणतील! दाणा चावणारी बाई तिथं न चावताच घरी आली.

शिवप्रिया दहावीत होती. गेल्या वर्षीपर्यंत घरी पाहुणे आले की ती दाराच्या फटीतून नाव सांगायची. पण शाळेत ग्राहक दिनाच्या कार्यक्रमाला ऐनवेळी भाषण करणाऱ्या मोनिकाला ताप आला, बाईंनी भाषणाचा कागद शिवप्रियाच्या हातात कोंबला, आणि तिनं डोळे मिटून, श्वास न घेता, अख्खं भाषण एका दमात म्हणून टाकलं. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांनी काय जादू केली कुणास ठाऊक, त्या दिवसापासून घरात तिच्या भाषणाशिवाय वरणाला फोडणी पडेना.

"आई, आपण ग्राहक आहोत," ती आता म्हणाली. "आपल्याला हक्क आहेत. यंत्र परत, पैसे परत!"

"भांडायचं न्हाय हं," राजेश्वरी म्हणाली. "नात्यातलं हाय."

"भांडतंय कोण? फक्त पैसे मागायचे."

सुट्टीच्या दिवशी पहिल्या एसटीनं मायलेकी निघाल्या. यंत्र एवढं जड की त्याला खिडकीजवळची सीट द्यावी लागली. कंडक्टरनं तिघांकडं बघितलं.

"बायकांना अर्धं तिकीट. ह्याला पुरं."

"यंत्राला पुरं? आणि आम्हाला अर्धं?" शिवप्रिया उसळली.

"मग? तुमी सवलतीतल्या. हे पुरुष दिसतंय मला," कंडक्टर म्हणाला. "बसून हाय आणि काम काय करंना."

सगळी एसटी हसली. राजेश्वरीनं पदर तोंडावर घेतला. नळदुर्ग, तुळजापूर करत गाडी धाराशिवला पोचली तेव्हा मल्लिनाथशेठ नुकताच शटर वर करून, गल्ल्याला उदबत्ती ओवाळत होता.

"शरणु शरणार्थी, अक्का!" त्यानं हात जोडून लिंगायती नमस्कार घातला. "या या! अगं पोरी किती मोठी झालीस! ए, तीन चहा सांगा रे!"

चहा आला. आलं घातलेला, दाट, वर साय धरलेला. राजेश्वरीनं बशीत ओतून फुंकर मारली, एक घोट घेतला आणि मग हळूच विषय काढला. मल्लिनाथशेठ ऐकत गेला, ऐकत गेला आणि इतका हळहळला की यंत्र त्याच्याच घरात बिघडलंय असं वाटावं.

"अरारारा! देतो की पैसे. तुमचं नको द्यायला व्हय? पण अक्का, तुमीच सांगा. अजून बोहनी व्हायचीय. बोहनीच्या आधी गल्ल्यातनं लक्ष्मी भायर काढली तर दिवस कसा जायचा?"

हे राजेश्वरीला पटलं. व्यापाऱ्याचा धरम आहे, मोडायचा कसा! तिनं पिशवीतून सुटे काढले आणि चहाची गाळणी विकत घेऊन स्वतःच बोहनी केली.

"झाली का आता बोहनी, मामा?" शिवप्रियानं हात पुढं केला.

मल्लिनाथशेठनं गाळणीचे पैसे कपाळाला लावले, डोळ्यांना लावले, गल्ल्यात टाकले आणि गल्ल्यावर हात ठेवून म्हणाला, "आताच आली की गं लक्ष्मी! दारात पाय ठेवती न ठेवती तोवर लगेच घालवू का तिला? पुन्हा या. सावकाशीनं या."

तिघंही परत आले. म्हणजे दोघी आणि यंत्र. वर गाळणी.

पुढच्या शनिवारी शाळा सकाळची होती. सुटल्या सुटल्या दोघी निघाल्या, पण तुळजापूरच्या अलीकडं गाडी पंक्चर झाली आणि दुकानात पाऊल टाकलं तेव्हा मल्लिनाथशेठ देव्हाऱ्यापुढं दिवा लावत होता.

"अक्का, दिवे लागले की!" तो व्याकूळ होऊन म्हणाला. "दिवेलागणीला लक्ष्मी भायर? तुमी तर घरंदाज. तुमाला मी काय सांगावं! ए, तीन चहा सांगा रे!"

चहाबरोबर सल्लाही आला. "ज्वारीच्या पिठात निम्मं गव्हाचं घालून बघा."

"मग ती चपाती झाली की, अण्णा!"

"निम्मी भाकरी तर झाली?"

निघताना त्यानं स्टीलच्या डब्यांचा संच 'घरच्या भावात' पुढं केला. घरच्या भावाला नाही म्हटलं तर घराचा अपमान. राजेश्वरीनं डबे घेतले.

तिसऱ्यांदा गेल्या तो शुक्रवार निघाला. "शुक्रवारची लक्ष्मी?" मल्लिनाथशेठनं दोन्ही कानाच्या पाळ्या धरल्या. चहा झाला. येताना सोबत एक कढई आली.

अमरनाथनं ओट्यावरची गाळणी, डबे, कढई आणि मधोमध ठाण मांडून बसलेलं यंत्र बघितलं. "असंच चालू राहिलं," तो म्हणाला, "तर पैसे परत मिळंस्तवर त्याचं सगळं दुकान आपल्या घरात येईल. मग शटर तेवढं आणायचं राहील. म्हणून सांगतोय, बाईनं व्यवहाराच्या भानगडीत पडू नये."

एरवी राजेश्वरीनं याला सव्वाशेर उत्तर दिलं असतं. त्या दिवशी ती फक्त म्हणाली, "खरं हाय तुमचं. बास झालं आता. भाकऱ्याबी बास. ह्या महिन्याच्या देऊन टाकते आणि बंद करते."

शिवप्रियाच्या हातातला घास हातातच राहिला. पैसे गेले ते गेले, पण आईची भाकरी बंद? तिच्या दहावीनंतरच्या लातूरच्या क्लासच्या फीचं आईनं याच भाकऱ्यांवर ठरवलेलं, ते एक असो. पण आई परातीपुढं बसली की कशी राणीसारखी दिसते, व्यापाऱ्यांना कशी धाकात ठेवते, ते सगळं एका फुस्स करणाऱ्या डबड्यापायी संपायचं?

तिनं आईचा फोन घेतला, अंगणात गेली आणि १९१५ लावला. ग्राहकांची सरकारी हेल्पलाइन. भाषणात हा नंबर तिनं एवढ्या जोरात म्हटला होता की मागच्या रांगेतली पोरं दचकली होती.

"नमस्कार, आपली तक्रार सांगा," पलीकडून एका बाईंचा शांत आवाज आला.

आणि शिवप्रिया सुटली! आत्याच्या जावेच्या माहेरापासून ते कपाळावरच्या विभूतीपर्यंत सगळं सांगितलं. पलीकडच्या बाईंनी मधे एकदा खोकल्यासारखं केलं, पण ते हसू होतं हे शिवप्रियानं ओळखलं.

"पावती आहे ना?"

"आहे! आणि खोक्यावर भाकरीचं चित्रपण आहे. गोल. हसणारं."

"छान. तक्रार आईंच्या नावानं नोंदवू या. दुकानदाराला कळवलं जाईल. त्यांनी नाही ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. एवढ्या रकमेला तिथं फी पडत नाही. आणि बाळ, एक विचारू? तुम्ही तीन वेळा गेलात, तर दुकानात एकदाही त्यांना ज्वारीची भाकरी करून दाखवायला का नाही सांगितलं?"

शिवप्रियानं बोटांवर तिन्ही खेपा मोजल्या. मग म्हणाली, "चहा येत होता, मॅडम."

फोन ठेवल्यावर तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. चहा! गोम तिथंच होती. ज्याचा चहा पोटात, त्याच्याशी वाद कसा घालायचा? बोहनी, दिवे, शुक्रवार ही नुसती झालर. मल्लिनाथमामाचं खरं हत्यार कपबशीतून येत होतं!

दोन दिवसांनी मल्लिनाथशेठचा फोन आला. आवाज एवढा दुखावलेला की राजेश्वरीनं फोन कानापासून जरा लांब धरला. "अक्का, माझ्या मोबाइलवर सरकारचा मेसेज! आपल्या घरातली गोष्ट तुमी चव्हाट्यावर नेली? मी तुमाला कधी चहाबिगर जाऊ दिलं का?"

"न्हाय हो अण्णा," राजेश्वरी विरघळायला लागली. "पोरीनं आपलं..."

शिवप्रियानं फोन हातात घेतला. "मामा, आम्ही बुधवारी दुपारी येतोय. बोहनी झालेली असेल, दिवे लागायला वेळ असेल, शुक्रवार नसेल. अमावस्या-पौर्णिमा मी कॅलेंडरात बघितलीय. आणखी काही अडचण असली तर आत्ताच सांगा."

पलीकडं शेठनं घसा खाकरला. मग, "बुधवारी दुपारी मी झोपतो."

"मग तुम्हाला उठवायला येतो!"

बुधवारी शाळेला दांडी पडली आणि यंत्र पुन्हा खोक्यात बसलं. निघण्याआधी शिवप्रियानं आईला बजावलं, "आई, जे काय होईल ते होऊ दे. चहा घ्यायचा नाही."

"एक घोटबी?"

"वाससुद्धा नाही!"

दुकानात गर्दी होती. नवं लग्न झालेलं एक जोडपं, दोन-तीन बायका, आणि स्टुलावर बसलेली तामलवाडीची सिताबाई, म्हणजे नातीच्या लग्नाची भांडी घ्यायला आलेली एक खणखणीत म्हातारी. आणि मल्लिनाथशेठ काय करत होता? तसलंच दुसरं यंत्र, तोच गव्हाच्या कणकेचा गोळा, तीच टम्म फुगलेली चपाती. जोडप्याच्या डोळ्यांत तेच दिपणं.

"शरणु शरणार्थी, अक्का," तो जरा अडखळला. मग हसू सावरून ओरडला, "ए, तीन चहा सांगा रे!"

"नको, मामा," शिवप्रिया म्हणाली.

दुकान थबकलं. मल्लिनाथशेठला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "बिनसाखरेचा सांगू का?"

"चहाच नको."

"अक्का, तुमी तरी?"

कप आला होता. आल्याचा वास थेट राजेश्वरीच्या नाकाशी भिडला. तिनं कपाकडं बघितलं, यंत्राकडं बघितलं, त्या नव्या नवरीच्या पर्सकडं बघितलं, जिची चेन आता उघडतच होती. आणि मग दोन बोटांनी बशी अशी अलगद मागं सारली, जशी ती बाजारात जुनाट ज्वारीची मूठ मागं सारते.

"न्हाय, अण्णा. आधी भाकरी."

मल्लिनाथशेठच्या चेहऱ्यावरचा रंगच उतरला. शिवी दिली असती तर त्यानं हसून नेली असती, पण त्याच्या दुकानात आजवर चहा कुणी नाकारला नव्हता! तेवढ्यात शिवप्रियानं पिशवीतून ज्वारीच्या पिठाचा डबा काढून काउंटरवर ठेवला.

"तुम्ही म्हणाला होता, पीठ म्हणा, हे भाकरी म्हणतंय. ही ज्वारी. म्हणायला लावा."

"पण आता... लाइट..."

"लाइट हाय की," नवी नवरी पंख्याकडं बघत म्हणाली. "करा ना दादा, आम्हालाबी भाकरीच लागते."

सुटका नव्हती. राजेश्वरीनं तिथंच गरम पाणी मागून पीठ मळलं, गोळा केला. मल्लिनाथशेठनं देवाचं नाव घेतलं आणि दांडा दाबला.

फुस्स!

निम्मी वर, निम्मी खाली. आणि ती जादा निम्मी? ती या वेळी मल्लिनाथशेठच्या पांढऱ्याशुभ्र शर्टाच्या खिशात जाऊन बसली.

"परत दाबा," सिताबाई स्टुलावरून म्हणाली. "घाबरलं असंल."

दुसरा गोळा. फुस्स! तिसरा गोळा. यंत्रातून धूर आला आणि भाकरीच्या जागी काळपट, तडकलेलं काहीतरी घरंगळत काउंटरवर पडलं. सिताबाईनं ते उचललं, उलटसुलट केलं, हुंगलं.

"आरं मल्लिनाथा, हे भाकऱ्या करतंय का गवऱ्या थापतंय?"

दुकान नुसतं खदखदलं! नवरीनं पर्सची चेन सरकन ओढून घेतली. तिच्या नवऱ्यानं सुटकेचा असा श्वास सोडला की समोरचं कॅलेंडर हललं.

"मामा," शिवप्रिया आता हळू आवाजात बोलली, आणि भाषण ठोकण्यापेक्षा हे जास्त जोरात लागतं हे तिला त्याच क्षणी कळलं. "कंपनीनं तुम्हाला फसवलं असेल तर तुम्ही कंपनीला धरा, मी तक्रार लिहून देते. पण आईला 'होतं' असं तुम्ही सांगितलं होतं. एक तर आत्ता पैसे द्या, नाही तर आयोगात हेच यंत्र घेऊन जाऊ. तिथंपण दांडा तुम्हीच दाबायचा."

मल्लिनाथशेठनं खिशातला भाकरीचा तुकडा काढला. आयोगाच्या साहेबांपुढं आपण दांडा दाबतोय, हे चित्र त्याच्या डोळ्यांपुढून गेलं असावं. "देतो," तो पुटपुटला. मग सवयीनं गल्ल्यावर हात ठेवला. "पण एवढी मोठी लक्ष्मी गल्ल्यातनं एकदम..."

"गल्ला उघडूच नका! मोबाइलवरून पाठवा. लक्ष्मीला कळणारसुद्धा नाही."

सिताबाईनं मान डोलावली. "पोरगी वकील हुणार."

मल्लिनाथशेठनं चष्मा लावला, आकडे दाबले, पुसले, परत दाबले. राजेश्वरीच्या हातात फोन थरथरला. तिनं रक्कम बघितली, शिवप्रियाला दाखवली, परत बघितली. पुरी! एक रुपया कमी नाही.

"आणि गाळणी, डबे, कढई?" शेठनं पडक्या आवाजात विचारलं. "तेबी परत करायचं म्हणता का?"

"न्हाय अण्णा," राजेश्वरी म्हणाली, आणि आवाज तिचा बाजारातला होता, पोत्यापुढचा. "ते चांगलं हाय. आमचं भांडण खोट्या मालाशी, तुमच्याशी न्हाय."

सिताबाई स्टुलावरून उतरली, तिनं राजेश्वरीचे पिठानं भरलेले हात धरले. "बाई, मळताना बघत होते मी. काय पीठ मळतीस! नातीच्या रुखवतात कडक भाकऱ्यांची चळत मांडायची हाय. देशील का करून?"

राजेश्वरीनं लेकीकडं बघितलं. लेकीनं भुवया उंचावल्या.

"देते की," राजेश्वरी म्हणाली. "पण थापायला चार बाया लावीन. भिशीतल्याच. माझ्या पैशानं यंत्र आणण्यापरीस त्याच लाख मोलाच्या."

यंत्र दुकानातच राहिलं, म्हणून परतीच्या एसटीत दोघींना खिडकीजवळची सीट मिळाली. राजेश्वरीनं अख्ख्या वाटेनं ज्वारी किती लागेल, बाया कुठल्या, मजुरी काय, असा हिशेब मांडला. अणदूर आलं तरी तिचं बोलणं संपलं नव्हतं.

घरी आल्या आल्या शिवप्रियानं मोबाइल अमरनाथपुढं धरला. त्यानं तो वाचला. पुन्हा वाचला. "आयला," तो म्हणाला आणि फोन हळूच परत दिला. बायकोनं वाढलेलं निमूट जेवला. जेवणानंतर त्यानं शिवप्रियाला हळूच परसात बोलावलं.

"शिवा, इकडं ये. आईला सांगू नको."

"काय अप्पा?"

अमरनाथनं डोक्यावरची टोपी सावरली, इकडंतिकडं बघून मोटारीच्या तारांच्या पेटाऱ्यात हात घातला आणि खालून तीन बाटल्या काढल्या. वर एका सिंहासारखी आयाळ असलेल्या माणसाचा फोटो. केस उगवायचं तेल, ऑनलाइन मागवलेलं. 'खात्रीनं. नाही तर पैसे परत.'

"सहा महिने झाले," तो कुजबुजला. "मी फोन लावतो तर ती लोकं म्हणतात, अजून दोन बाटल्या घ्या. तुझ्या त्या नंबरावर... माझंबी काय होईल का?"

शिवप्रियानं ओठ घट्ट दाबले. हसायचं नाही, ग्राहकाला हसायचं नाही! "होईल की. पण अप्पा, माल खोटा निघाला ह्याला पुरावा लागतो."

"मी दिवा घेऊन आले हो," मागून राजेश्वरीचा आवाज आला. ती केव्हाची दारात उभी होती. शांतपणे पुढं आली, नवऱ्याच्या डोक्यावरची टोपी अलगद उचलली, दिवा जवळ धरून डोकं या कानापासून त्या कानापर्यंत नीट न्याहाळलं आणि लेकीला म्हणाली,

"लिही गं तक्रार. पुरावा लखलखीत हाय."